कळकाचं धनुष्य आणि उतारावरचा नेम

अलास्का आणि ब्रिटिश कोलंबियाच्या कड्यांवर एक पांढरा, केसाळ पहाडी बकरा राहतो. साध्या लाकडी धनुष्याने त्याच्या मागे जाणारे शिकारी वीस मीटरच्या आत पोचल्याशिवाय सहसा दोरी ओढत नाहीत. अंतर कमी, पण बकरा एक तर पायाखाली किंवा डोक्यावर. सपाट मैदानावर वर्षभर चांगला नेम धरणारा माणूस तिथे पहिल्याच बाणाला चुकतो, आणि ते का होतं याचा त्या मंडळींनी बारकाईने विचार केलेला आहे. त्यातलं बरंच आपल्याला कामाला येतं, कारण उतार कोकणात पैशाला पासरी आहेत.

शिकार मात्र नाही. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने आपल्याकडे भेकर, सांबर, ससा यांच्यावर बाण सोडणं हा गुन्हा आहे, मग धनुष्य खेळातलं असो की खरं. कड्यावरचा असा प्राणी सह्याद्रीत म्हणायचा तर नीलगिरी ताहर, तोही पार खाली केरळ-तमिळनाडूत, आणि तोही संरक्षित. तेव्हा पुढचं सगळं पेंढ्याच्या लक्ष्यासाठी आहे. कोकणातल्या हवेत टिकेल असं बांबूचं धनुष्य कसं करायचं आणि ते घेऊन उतारावर उभं राहिल्यावर बाण कुठे जातो, एवढंच.

काठी निवडताना

वखारीतला बांबू घेऊ नका. तो किती वर्षांचा, कुठल्या महिन्यात तोडला, उन्हात किती दिवस पडला होता, काही कळत नाही. बांबूच्या बेटावर जाऊन काठी स्वतः निवडावी.

कोकणात दोन जाती कामाच्या. कळक काटेरी आणि जाड, बुंध्याकडे घेर मोठा. त्याची भिंत पाऊण-एक इंच मिळते आणि फाळ (उभी फोडून निघणारी पट्टी) बरीच सपाट निघते. माणगा सिंधुदुर्गात बांधाबांधावर असतो. बिनकाट्याचा, सरळ, बुंध्याकडे जवळजवळ भरीव. माणग्याची काठी उभी दोन भागांत फोडली तरी धनुष्य होतं, पण पाठ (सालीची बाजू) फार गोल राहते आणि ताशायला वेळ लागतो. पहिलं धनुष्य कळकाचं करा. काटे सोसायची तयारी नसेल तर माणगा.

काठी तीन-चार वर्षांची हवी. एका वर्षाच्या काठीवर हिरवी तुकतुकी असते, पांढरी भुकटी असते, पेरांशी कोषाची सालपटं चिकटलेली असतात. जून काठीची सालपटं गळलेली, रंग मळकट, अंगावर दगडफुलासारखे राखाडी ठिपके. कोयत्याच्या पाठीने ठोका: जून काठी टणटण वाजते, कोवळी बदबद. कोवळ्या काठीचं धनुष्य होतं, दिसतंही छान, पण पहिल्या पन्नास बाणांत वाकून बसतं आणि दोरी काढल्यावरही सरळ होत नाही. फार म्हातारी काठी ठिसूळ. बेट घरचं असेल तर दर पावसाळ्यात आलेल्या नव्या काठ्यांवर रंगाचा एक पट्टा मारून ठेवावा, म्हणजे वयाचा अंदाज करत बसावं लागत नाही.

तोडायचा तो नोव्हेंबर ते जानेवारी. पावसात नवे कोंब वाढवण्यात काठीतलं पिष्ट खर्ची पडतं, म्हणून त्यानंतर तोडलेल्या काठीला भुंगा कमी लागतो. अवसेला तोडावा असं जुनी माणसं सांगतात. अवस पाळायची तर पाळा, पण ऐन पावसात तोडलेली काठी अवसेची असली तरी वाळता वाळत नाही आणि बुरशी धरते. तोडल्यावर फांद्या-पानांसकट आठ-दहा दिवस बेटालाच टेकवून उभी ठेवावी. पानं सुकेपर्यंत आतला रस ओढत राहतात. मग दोन-तीन आठवडे वहाळाच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायची. उरलेलं पिष्ट त्यात धुऊन जातं. पाण्याला वास येतो, तो यायचाच. खाडी जवळ आहे म्हणून खाडीत मात्र बुडवू नका. मासेमारीच्या खुंटांना खारं पाणी चालतं. धनुष्यात शिरलेलं मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं आणि ती काठी पुढे कधीच धड कोरडी होत नाही.

फोडायला शेंड्याकडून सुरुवात करा. चीर एका बाजूला सरकायला लागली की दोन्हींपैकी जाड राहणारा भाग हाताने वाकवायचा. चीर वाकवलेल्या बाजूकडे वळते आणि पुन्हा मध्यावर येते. कोयत्याने जोरात ठोकत सुटलं तर ती एका बाजूला पळते आणि काठी फुकट जाते.

फाळी चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवाव्यात, निदान तीन महिने. गॅसवाल्या घरात ही सोय गेली हे खरं. तिथे सावलीत, जमिनीपासून वर, खेळत्या हवेत. उन्हात वाळवली की साल आणि पोट वेगवेगळ्या वेगाने आकसतात आणि फाळ पिळवटते. वाळली की नाही हे हात लावून ओळखता येत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन करा आणि फाळीवरच पेन्सिलीने लिहा. लागोपाठ दोन-तीन आठवडे आकडा हलला नाही की वाळली समजायचं.

ताशणं

बांबूची सगळी ताकद सालीलगत असते. तिथे धागे दाट, आत पोटाकडे विरळ. धनुष्य ओढताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते, म्हणून साल बाहेर ठेवायची आणि तिला हत्यार लावायचं नाही. ताशायचं ते फक्त आतून आणि कडांनी. पेराचा उंचवटा टोचतो म्हणून कानस मारून सपाट करायचा मोह सगळ्यांना होतो. तिथले धागे उंचवट्याबरोबर वर येऊन खाली जातात, ते कापले की पहिली चीप तिथूनच उठते. टोचत असेल तर काचपेपरचा हलका हात फिरवा, बस्स.

साडेपाच फुटांची फाळ घ्या. सव्वीस इंच ओढणाऱ्या माणसाला ती पुरते. उतारावर वापरायचं म्हणून पाच फुटांचं आखूड करावंसं वाटतं, आणि कपारीत ते सोयीचं असतंही, पण आखूड धनुष्याला तेवढाच ओढा दिला की पोटावर ताण वाढतो आणि दोरीचा कोन इतका तीव्र होतो की बोटं चिमटतात. पहिल्या धनुष्याला साडेपाच फूट ठेवा. मध्य काढताना पेरं मोजा: दोन्ही पात्यांत (मुठीच्या वरच्या आणि खालच्या भागांत) पेरं शक्यतो समोरासमोर यावीत, आणि टोकाच्या खाचेवर पेर येऊ नये. त्यासाठी फाळ आधी सात-आठ फूट लांब ठेवून मग हवी ती साडेपाच फूट निवडायची.

रुंदी मध्यापासून अर्ध्या पात्यापर्यंत दीड इंच, तिथून टोकाकडे उतरत अर्धा इंच. जाडी मुठीशी चार सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), अर्ध्या पात्यावर तीन, टोकाशी सव्वादोन. मूठ चार इंचांची. तिथे वेगळा लाकडी तुकडा लावायची गरज नाही. सुतळी गुंडाळली तरी काम होतं. ही मापं सुरुवातीची आहेत, शेवटची नव्हेत, आणि मुद्दाम जाड दिली आहेत.

कारण जाडीचा हिशोब फसवा असतो. रुंदी दहा टक्के कमी केली तर जोर दहा टक्क्यांनी उतरतो. जाडी दहा टक्के कमी केली तर सत्तावीस टक्क्यांनी. तीन सुतांच्या पात्यावरून जेमतेम एक मिलिमीटर गेला की चाळीस पौंडांचं (म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं) धनुष्य तिसावर येतं. म्हणून कोयता आणि रंधा फक्त आकार येईपर्यंत, त्यानंतर फुटलेल्या काचेचा तुकडा किंवा जुन्या करवतीच्या पात्याची खरवडणी. काचेने एका फटक्यात पिठासारखी भुकटी निघते, ढलपी नाही, आणि तेच हवं असतं.

वाक बघायला भिंतीवर खुंटी मारून धनुष्य मुठीवर आडवं टेकवायचं आणि सैल, लांब दोरी लावून ती विहिरीच्या कप्पीवरून ओढायची. आपण सात-आठ फूट मागे उभे. आधी पाच-सहा इंचच ओढा. मोबाइलवर फोटो काढा, आडवा उलटवून मूळ फोटोशेजारी ठेवा. डावं-उजवं पातं सारखं वाकतंय का, हे डोळ्यापेक्षा फोटो नीट सांगतो. जिथे पातं सरळ राहतं तिथे खरवडा. जिथे कोपर निघतंय, म्हणजे एकाच जागी जास्त वाकतंय, तिथे हातही लावू नका. त्याच्या दोन्ही बाजूंनी खरवडून वाक पसरवायचा असतो. नवख्या माणसाचा हात नेमका उलटा चालतो, कोपराची जागा डोळ्यात भरते म्हणून खरवडणी तिथेच जाते. पेरांच्या आजूबाजूला पातं मुळातच ताठ असतं, तिथे वाक कमी दिसला तर चालतो. पेर वाकवायला गेलात तर पेराशेजारची जागा मोडते.

दर खरवडणीनंतर वीस-पंचवीस वेळा दोरी ओढून सोडायची (हळू हाताने परत न्यायची, सुटू द्यायची नाही), मगच पुन्हा बघायचं. बांबू खरवडलेलं लगेच दाखवत नाही. सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला अडकवून जोर मोजा, आणि ठरवलेल्या जोरापलीकडे एकदाही ओढू नका, मग ओढ दहाच इंचांवर असली तरी. समजा चाळीस पौंड ठरवले, तर ते अठरा किलो. काट्यावर अठरा किलो दिसले की थांबा, खरवडा, पुन्हा ओढा, असं करत सव्वीस इंचांपर्यंत पोचायचं. शेवटी खालचं पातं वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवा. दोरी चढवून दोन्ही पात्यांपासून तिचं अंतर मोजलं तर वरचं अंतर चार-पाच मिलिमीटर जास्त भरावं. तीन बोटांनी ओढताना एक बोट बाणाच्या वर आणि दोन खाली असतात, त्यामुळे खालच्या पात्यावर भार जास्त येतो.

जोराबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. गावातल्या पोरांना पन्नास पौंडांखालचं धनुष्य म्हणजे खेळणं वाटतं. अलास्कात पहाडी बकऱ्यासाठी किमान पन्नास पौंडांची अट आहे, पण ती जिवंत जनावराच्या छातीसाठी. पेंढ्याला पंचवीस पौंडही पुरतात. सुरुवात अकरा ते साडेतेरा किलोंवर करा, म्हणजे पंचवीस-तीस पौंड. जास्त जोराचं धनुष्य पूर्ण ओढून तीन सेकंद स्थिर धरता येत नसेल तर त्यावर नेम कधी बसत नाही, फक्त खांदा दुखतो.

ताशून झाल्यावर पोटाची बाजू निखाऱ्यांवर शेकायची. ज्वाळेवर नाही, राख धरलेल्या निखाऱ्यांवर, चार-पाच इंच वरून, सतत पुढेमागे सरकवत. रंग मधासारखा तपकिरी झाला की पुरे. शेकलेलं पोट दाब जास्त सोसतं आणि कोकणात तर याचा फायदा दुप्पट, कारण शेकलेला बांबू ओलावाही कमी ओढतो. सालीची बाजू गार राहायला हवी, तिच्यावर ओला फडका ठेवला तरी चालेल. पातं पिळवटलेलं असेल तर ते सरळ करायचीही हीच वेळ: गरम असताना वाकवा आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. शेकल्यावर दोन-तीन दिवस दोरी चढवू नका. भाजून पार कोरडा झालेला बांबू लगेच ओढला तर काड्कन मोडतो. हवेतला थोडा ओलावा त्याला परत घेऊ द्या.

दोरी

भिल्लांच्या कामठ्याला बांबूच्याच चिपेची दोरी असते आणि ती उत्तम चालते, पण चीप कमावायला वेगळा हात लागतो. केवणीच्या सालीचा दोर मजबूत होतो, पावसात मात्र फुगतो. आज दोरी करायची तर पॉलिएस्टर. जाळ्याच्या दुकानातली नायलॉनची दोरी स्वस्त पडते पण ती ताणते. बाणाला मिळायचा जोर दोरी ताणण्यात जातो आणि चढवलेली दोरी दिवसभरात सैल पडते. डॅक्रॉन बी-५० (धनुष्याच्या दोरीसाठीचा पॉलिएस्टर धागा) मिळालं तर ३५ ते ४५ पौंडांना बारा पदर. चांभाराचा मेण लावलेला पॉलिएस्टर दोरा वापरायचा तर एक पदर किती किलोला तुटतो ते काट्याने बघा आणि सगळे पदर मिळून धनुष्याच्या जोराच्या निदान चौपट ताकद भरेल इतके पदर घ्या. चढवलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर: मूठ वळून त्यावर अंगठा उभा केला की जेवढं भरतं तेवढं, साधारण सहा-साडेसहा इंच. याहून कमी ठेवलं तर दोरी मनगटावर बसते. एकदा बसली की माणूस पुढचा महिनाभर हात आखडून नेम धरतो.

बाण

धनुष्य ओबडधोबड असलं तरी बाण चांगले असतील तर नेम बसतो. उलट कधीच होत नाही. तरी लोक धनुष्यावर महिना घालवतात आणि बाण एका दुपारी उरकतात.

काडी करंगळीहून बारीक बांबूची, आठ-नऊ मिलिमीटर जाड, ओढीपेक्षा दोन इंच लांब, बुंध्याची बाजू पुढे. तीही वर सांगितल्यासारखीच सावलीत वाळवलेली, निखाऱ्यावर धरून पेरापेरावर सरळ केलेली. काडी सरळ आहे हे पुरेसं नाही, तिचा कडकपणा धनुष्याला जुळायला हवा. बाण सुटताना काडी मुठीला वळसा घालून जाते. फार कडक असली तर उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण डावीकडे पडतो, फार लवचीक असली तर उजवीकडे. मोजायला फळीवर सव्वीस इंचांच्या अंतरावर दोन खिळे मारा, त्यावर काडी आडवी ठेवा आणि मध्यावर दोन पौंड, म्हणजे ९०७ ग्रॅम वजन टांगा. काडी किती इंच खाली वाकली ते मोजा आणि सव्विसाला त्या आकड्याने भागा. ०.६५ इंच, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर वाकली तर उत्तर चाळीस येतं, ती चाळीस पौंडांच्या धनुष्याची काडी. वीस काड्यांतून एकमेकींच्या जवळ जाणाऱ्या सहा निवडायच्या. बाकीच्या मुलांना द्या, घेवड्याच्या वेलाला लावा.

वजन पौंडामागे आठ ते दहा ग्रेन. चाळीस पौंडांना एकवीस ते सव्वीस ग्रॅम, सोनाराच्या किंवा दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर. हलका बाण वेगात जातो खरा, पण त्याने न घेतलेला जोर धनुष्याच्या पात्यांतच राहतो. बाण न लावता दोरी सोडणं हे त्याचंच टोक, त्यात पहिल्याच खेपेला पातं फुटू शकतं.

पिसं गावठी कोंबड्याची किंवा टर्कीची, पंखाच्या टोकाची, एका बाणाला तिन्ही एकाच पंखातली. डाव्या पंखाची आणि उजव्याची सरमिसळ केली की बाण हवेत फिरायचा कुठल्या बाजूला याचा निर्णयच लागत नाही. लांबी चार-साडेचार इंच. चिकटवायला पांढरा गोंद वापराल तर पहिल्या दमट सकाळी पीस सुटून येईल. अराल्डाइट लावा आणि दोन्ही टोकांना दोऱ्याचे वेढे घ्या. घारीचं नाही तर मोराचं पीस रानात पडलेलं सापडलं तरी बाणाला लावू नका, नसता कायद्याचा लचांड मागे लागायचा.

उतारावर

आता खरा प्रश्न. लक्ष्य वर असो की खाली, बाण वरच लागतो. खाली मारताना वर जातो हे पटतं, वर मारतानाही वर जातो हे पटत नाही, पण तसंच आहे. बाण खाली ओढला जातो तो आडव्या अंतराच्या हिशोबाने, आणि आपण नेम धरतो तो डोळ्याला दिसणाऱ्या तिरक्या अंतराने. वीस मीटरवर तीस अंशांच्या उताराला आडवं अंतर सव्वासतरा मीटरच असतं. पंचेचाळीस अंशांना चौदा. घरातला जिना साधारण तीस-पस्तीस अंशांचा असतो, त्यावरून कोनाचा अंदाज बांधा.

सेकंदाला पंचेचाळीस मीटर जाणाऱ्या बाणाचा हिशोब केला तर वीस मीटरवर तीस अंशांच्या उतारात बाण सुमारे तेरा सेंटिमीटर वर लागतो आणि पंचेचाळीस अंशांत अठ्ठावीस. दहा मीटरवर हेच आकडे तीन आणि सात. म्हणजे दहा मीटरच्या आत गणिताची काही गरज नाही, आणि वीसच्या पुढे गणिताशिवाय चालत नाही.

पण मैदानावर शिकलेले बहुतेक जण उतारावर खाली मारताना बाण खालीच घालतात. गणित खोटं म्हणून नव्हे. खाली बघताना ते कमरेतून वाकत नाहीत, नुसता धनुष्याचा हात खाली करतात. हात आणि खांद्यांची रेघ मोडते, ओढ इंचभराने कमी होते, आणि चाळीस पौंडांच्या धनुष्यात एक इंच म्हणजे अडीचेक पौंडांचा जोर. एक चूक बाण वर नेते, दुसरी खाली. दहा-बारा मीटरवर दोन्ही एकमेकींना फेडतात आणि माणसाला वाटतं आपलं जमलं. अंतर वाढलं की हिशोब उघडा पडतो, कधी वर, कधी खाली, आणि मग दोष बाणाला.

म्हणून उतारावर आधी सपाटीवर ओढतो तशी, समोर, पूर्ण ओढ घ्यायची. खांदे आणि हात एका रेघेत आल्यावर ती रेघ जशीच्या तशी ठेवून कमरेतून खाली किंवा वर झुकायचं. पाय आधी रोवलेले हवेत: खाली मारताना पुढचा पाय उताराकडे, गुडघा किंचित सैल, वजन मागच्या पायावर थोडं जास्त. हे पेंढ्यावर न मारता, नुसतं ओढून-झुकून-परत येऊन, घराच्या पायरीवर उभं राहून करता येतं.

आडव्या उतारावर, म्हणजे डोंगर डाव्या नाही तर उजव्या हाताला असताना, वेगळीच गंमत होते. डोळा डोंगराच्या उतारालाच सपाटी धरतो आणि धनुष्य नकळत कलतं. वरचं टोक उजवीकडे कललं की बाण उजवीकडे आणि थोडा खाली. झाडाचं खोड, घराचा कोपरा, असं काही उभं दिसत असेल तर दोरी त्याच्याशी जुळवून बघा. माड मात्र धरू नका, कोकणातला माड क्वचितच सरळ.

खाली मारताना धनुष्याचं खालचं टोक कुठे आहे तेही बघायला हवं. ते गुडघ्याला किंवा कातळाला लागलं तर बाण भरकटतोच, टोकाची खाचही उडते. बसून मारताना धनुष्य तिरकं धरा.

पहाडी बकऱ्याच्या शिकाऱ्यांची एक रीत इथे सांगण्यासारखी आहे. बकऱ्याला धोका खालून येईल असं वाटतं, म्हणून शिकारी लांबचा वळसा घेऊन वरून उतरतात. आणि बाण बरोबर लागेल याची खात्री असली तरी, बकरा कड्याच्या काठावर असेल तर सोडत नाहीत. बाण लागलेला बकरा कड्याकडेच धाव घेतो, कोसळला की मांस चेंदामेंदा होतं, नाही तर जिथे माणूस पोचू शकत नाही अशा कपारीत जाऊन पडतो. बाण सोडण्याआधी तो पुढे कुठे जाणार हे ठरलेलं असावं, ही शिस्त पेंढ्यालाही तंतोतंत लागू आहे.

लक्ष्य म्हणजे भाताचा पेंढा गोणपाटात ठासून, सुतळीने आवळून, फूट-सव्वा फूट जाड. सैल पेंढ्यातून चाळीस पौंडांचा बाण आरपार जातो आणि पिसं सोलून निघतात. मागे मातीची दरड हवी. जांभ्याचा गडगा नको: चुकलेला बाण जांभ्यावर फुटतो, आणि सड्याच्या कातळावर तर सपाट कोनात घसरून पन्नास पावलं पुढे जातो. चढावर वर मारताना माथ्याच्या रेषेवर लक्ष्य कधीच ठेवू नका. पलीकडे आंब्याची राखण करणारा गडी असेल, गुरं असतील. काजू-आंब्याच्या दिवसांत वाडीत माणसं झाडावर असतात, पानांआड दिसत नाहीत. तेव्हा हाक देऊन, उत्तर येतंय का बघून मगच सुरुवात.

वाऱ्याचं फार मनावर घेऊ नका. वीस मीटरवर तो बोटं-दोन बोटंच हलवतो. दुपारी समुद्रावरून खारा वारा जोर धरतो, तेव्हा पिसं लांब असलेला बाण जास्त सरकतो. सकाळची वेळ बरी.

पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर असते. त्या हवेत वाळलेला बांबूही सतरा-अठरा टक्के पाणी धरतो, आणि धनुष्याला नऊ-दहा हवं असतं. ओलावलेलं धनुष्य मोडत नाही, मऊ पडतं. काट्यावर जोर कमी भरतो, आणि त्याच अवस्थेत रोज ओढत राहिलात तर पोटाचे धागे चेपून वाक कायमचा बसतो. पावसाळ्यात वापरू नका हा सोपा उपाय. वापरायचंच असेल तर दर आठवड्याला जोर मोजा. चाळीसचं छत्तीसवर आलं की माळ्यावर, नाही तर फ्रिजच्या मागे, जिथे कोरडी ऊब असते तिथे आडवं ठेवा. दोरी नेहमी उतरवून. कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं धनुष्य खालच्या टोकातून फरशीचा ओलावा घेतं आणि एकाच पात्याने मऊ होतं, मग वर्षभर जुळवलेला वाक बिघडतो.

लेप जवसाच्या तेलाचा, चार-पाच हात, दोन हातांत निदान दोन दिवस जाऊ द्यावेत. खोबरेल लावून उपयोग नाही, ते कधी वाळत नाही, नुसतं चिकट राहतं आणि धूळ धरतं. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल बांबूला किडीपासून फार चांगलं राखतं, पण ओलं असताना अंगावर उठतं. हातमोजे घाला, आणि मुठीच्या जागी लावू नका.

भुंगा लागला तर धनुष्याखाली बारीक पिवळसर पीठ पडलेलं दिसतं. भोकं एक-दोन असतील आणि मुठीत असतील तर रॉकेलचा थेंब सोडून बुजवता येतात. पात्यात असतील तर ते धनुष्य गेलं.

दर वेळी दोरी चढवण्याआधी पाठीवरून कापसाचा बोळा फिरवा, उठलेली चीप असेल तिथे कापूस अडकतो. लांबीच्या दिशेने गेलेली बारीक चीर सहसा घाबरण्यासारखी नसते, दोऱ्याचे घट्ट वेढे आणि अराल्डाइट यावर वर्षभर निघतं. पोटावर आडव्या, नखाने ओढल्यासारख्या रेघा दिसल्या तर मात्र तिथले धागे दाबाने चिरडलेत. त्यांना औषध नाही. जोर कमी करून, पातं सगळीकडून सारखं खरवडून ते मुलांसाठी पंधरा पौंडांचं करता येतं. बाणही हाताने वाकवून, कानाशी धरून ऐका. बारीक कुरकुर आली की काडी आतून फाटलेली आहे. ती दोरीला लावली तर सुटताना फुटते आणि तिची सळ धनुष्य धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या बुडात शिरते. अशी काडी तिथेच मोडून टाका, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हातात ती चुकून जाणार नाही.